जोडीतला दुसरा वाडगा

"वरच्या रंगाच्या वाडग्यात आंबट घालू नये, बाई," डिंककाका म्हणाले तेव्हा मी तो वाडगा जुन्या टॉवेलात गुंडाळत होते. मी हसले. "आंबट खाणाऱ्याला अजून बोलताही येत नाही, त्याला तुमचे नियम कुठले कळायला," असं काहीतरी बोलले आणि वाडगा पिशवीत ठेवून घरी गेले. या गोष्टीला दीड वर्ष झालं.

डिंककाकांच्या सूचना मनावर न घेण्याची आमच्या दुकानात रीतच होती. फुटकी चिनीमाती जोडण्यात त्यांची तीस वर्षं गेली. बोटांना कायम वाळलेल्या डिंकाचे पापुद्रे, म्हणून हे नाव. फुलदाणीत फुलं ठेवू नका, बशी भिंतीला टांगू नका, कपाटाचं दार लावताना श्वास रोखून धरा. "याचं ऐकायचं तर भांडं विकत घ्यावं आणि त्याच्याकडे पाठ करून बसावं," असं माझे सासरे म्हणायचे.

दुकान सासऱ्यांचं. मी त्यांना बाबा म्हणायचे. पुढच्या खोलीत काचेची कपाटं, मागच्या खोलीत उत्तरेची खिडकी आणि तिच्याखाली जाड घोंगडी अंथरलेलं टेबल. लोक आजी-पणजीच्या मागे राहिलेली चिनी भांडी घेऊन येतात आणि आम्ही सांगतो की ती खरंच जुनी आहेत का, असली तर किती, आणि बाजारात त्यांचं काय येईल. मी इतिहासाची पदवी घेऊन या घरात आले. बाबांना शिकाऊ माणूस हवाच होता. "सून आणि शिकाऊ एकाच पगारात," ते पाहुण्यांना सांगत, आणि माझा नवरा मागून म्हणे, "म्हणजे बिनपगारी."

चार वर्षं त्यांनी मला शिकवलं. भांडं आधी हातात तोलायचं. मग नखाने टिचकी मारून ऐकायचं. चीर असेल तर आवाज बसका येतो. मग उलटं करायचं. बुडाची कडा जिथे झिलईशिवाय कोरी राहते तिथे माती दिसते, आणि माती वय लपवत नाही. बुडावरचा राजाचा शिक्का सगळ्यांत शेवटी वाचायचा, कारण शंभर वर्षांपूर्वीचे कारागीर तीनशे वर्षांपूर्वीच्या राजाचा शिक्का मारत, कुणी आदराने, कुणी लबाडीने. आणि मग झीज. बाबांचा सगळ्यात जास्त भरवसा झिजेवर. "रंग बनवता येतो, शिक्का बनवता येतो, पण वापर बनवता येत नाही. रोजच्या हाताने जी झीज होते ती वेगळी. ती ओळखलीस की तू माझी जागा घे आणि मला घरी बसू दे."

भुंगा तीन महिन्यांचा असताना बाबा गेले. भुंगा म्हणजे माझा मुलगा. दूध पितानासुद्धा तो गुणगुणायचा, म्हणून आईंनी, म्हणजे सासूबाईंनी, त्याला हे नाव दिलं. बाबांच्या जागेवर मी बसले, पण आपण बसलोय असं मला कधी वाटलं नाही. प्रत्येक भांडं मी तीन-तीनदा उलटून बघायचे. घरी तेच. भुंगा झोपला की मी त्याच्या नाकाखाली बोट धरून श्वास बघायचे. त्याला शिंक आली की मला हॉस्पिटल दिसायचं. पहिल्या वर्षात मी त्याला अकरा वेळा डॉक्टरांकडे नेलं आणि अकराही वेळा त्यांनी त्याच्या गालाला हात लावून आम्हाला परत पाठवलं. नवरा म्हणायचा, "तिथे तुझ्या नावाची खुर्ची ठेवलीय." मी मनाशी ठरवलं, आता पुरे, लोक हसतात.

ते दोन वाडगे एका बंद झालेल्या घरातल्या खोक्यातून आले. बाहेरून पांढरे, आत काठाशी गुलाबी फुलांची वेल आणि तळाशी एक फुलपाखरू: गुलाबी पंख, पिवळे ठिपके, काळ्या मिशा. बुडाला लाल शिक्का. एकाला काठाजवळ केसासारखी चीर होती, दुसरा धडधाकट. मी अर्धा तास बघितले. रंग एकदम ताजे, कुठे ओरखडा नाही. जुनं असतं तर इतकं कोरं राहिलं नसतं. पन्नास-साठ वर्षांपूर्वीची नक्कल, मी ठरवलं.

जोडी आली की एकाच भांड्याचं सविस्तर वर्णन लिहायचं, त्याचाच फोटो काढायचा आणि दुसऱ्यापुढे "तसाच" एवढं टाकायचं, ही आमच्याकडची पद्धत. मी धडधाकट वाडग्याचं वर्णन लिहिलं. चिरेच्या वाडग्यापुढे लिहिलं, "तसाच, चीर". डिंककाकांनी तो उजेडाशी धरला, स्वतःच्या वहीत काहीतरी रेखाटलं आणि म्हणाले, नकलेवर मेहनत कशाला घ्यायची. विकायला अर्थ नव्हता, टाकवत नव्हता. मी तो घरी न्यायचं ठरवलं आणि तेव्हाच ते आंबटाचं म्हणाले.

वरचा रंग म्हणजे काय ते सांगते. निळी नक्षी बहुतेक वेळा कच्च्या मातीवर काढतात आणि तिच्यावर झिलई चढवून कडक भट्टीत भाजतात. तो रंग काचेसारख्या झिलईखाली झोपलेला असतो. गुलाबी, पिवळा, हिरवा असे रंग मात्र भाजून झालेल्या झिलईवर काढतात आणि पुन्हा मंद आचेवर बसवतात. ते वर बसतात, बोटाला जाणवतात. मंद आचेवर वितळावेत म्हणून त्यांत शिसं घालतात. हे मला माहीत होतं. परीक्षेत विचारलं असतं तर मी पानभर लिहिलं असतं.

भुंगा तेव्हा तेरा महिन्यांचा होता आणि जेवायच्या नावाने तोंड घट्ट मिटायचा. आईंनी त्या वाडग्यात आंबटगोड फळांचा शिजवलेला गर घातला आणि म्हणाल्या, "खाली कोण लपलंय बघू?" त्याने खाल्लं. गर संपत आला तसं फुलपाखरू दिसायला लागलं. तो खिदळला. दुसऱ्या दिवशी वाडगा दिसताच त्याने आ केला. मी दुकानातून आले तेव्हा आईंनी मला रिकामा वाडगा दाखवला, एखादं बक्षीस दाखवावं तसा.

"तुझ्या चिनीमातीचा आयुष्यात पहिल्यांदा उपयोग झाला," त्या म्हणाल्या.

रोज सकाळी गर, संध्याकाळी गर. आई डावखुऱ्या. डाव्या हातात स्टीलचा चमचा घेऊन त्या तळ खरवडायच्या, म्हणायच्या, "निघालं का, निघालं का," आणि भुंगा म्हणायचा, "पापू." त्याचा तो पहिला शब्द. 'आई'च्या आधी, 'बाबा'च्या आधी. कधी तो अर्ध्यात झोपला तर गर तसाच वाडग्यात झाकून ठेवायचा आणि दुपारी पुन्हा भरवायचा. वाया कशाला घालवायचा?

चारेक महिने गेले. भुंगा चिडचिडा झाला. पोट दुखतंय असं वाटायचं, पाय पोटाशी घेऊन रडायचा. चेहरा फिका पडला. "दाढा येतायत," आई म्हणाल्या. "दाढा," नवरा म्हणाला. मी खुर्चीच्या विनोदाला भ्यायले होते, म्हणून मीही म्हणाले, "दाढाच."

त्या सुमारास एका दुपारी मी वाडगा विसळत होते. खिडकीतून तिरपा उजेड आला आणि वाडग्याच्या तळाशी मला काहीतरी वेगळं दिसलं. पंखांची गुलाबी कड पुसट झाली होती. ठिपक्यांपैकी दोन जवळजवळ गेले होते. उरलेल्या रंगाभोवती पाण्यावरच्या तेलासारखी सप्तरंगी झाक. मी ओल्या हाताने भिंग शोधलं. बारीक, मऊ, वळणदार ओरखडे, एकावर एक, चमच्याचे. बाबा ज्या झिजेबद्दल बोलायचे ती ही. सप्तरंगी झाक तर जुन्या रंगाची खूणच.

ही नक्कल नव्हती. हा दीडशे वर्षांपूर्वीचा वाडगा, पिढ्यांनी वापरलेला, आणि मी त्याला नक्कल म्हणून स्वयंपाकघरात आणला होता. पहिल्या दिवशी हे मला दिसलं कसं नाही? घाईत बघितलं असणार, मी स्वतःला रागावले. दुकानातला नोंदीचा कागद काढला, त्यावर "तसाच, चीर" एवढंच. दुसऱ्या वाडग्याला झीज नाही याचंही उत्तर माझ्याकडे तयार होतं: एक रोज वापरला, एक कपाटात जपला. घरोघरी असंच करतात.

डिंककाका तेव्हा नव्हते. दोन्ही डोळ्यांची मोतीबिंदूची ऑपरेशनं झाली होती आणि ते लेकीकडे दोन महिने विश्रांतीला गेले होते. मी कुणालाच विचारलं नाही. दुकानातल्या धडधाकट वाडग्यासमोरची चिठ्ठी काढून नवी लावली, वयही नवं, किंमतही नवी. बाबांच्या खुर्चीत त्या दिवशी मी पहिल्यांदा पाठ टेकून बसले.

दहा दिवसांनी एक बाई आली. माझ्याच वयाची, सातवा महिना सहज असावा. उजव्या भुवईत जुन्या जखमेची बारीक फट. पुढच्या कपाटापाशी थांबली आणि मग हललीच नाही.

"हा एकटाच आहे?" तिने विचारलं.

"जोडी होती. दुसऱ्याला चीर आहे, तो माझ्या घरी असतो."

"शोभेला?"

"छे, रोजच्या वापरात. माझा मुलगा त्यातच जेवतो. तळाचं फुलपाखरू बघायला मिळतं म्हणून जेवतो, असं म्हणा."

ती हसली. पोटावर हात ठेवून म्हणाली, "मग यालाही यातच भरवीन. पहिलं काहीतरी चांगलं आपण घेऊन ठेवावं, नाही का? माझी आई येणारे बाळंतपणाला, ती ओरडेल, एवढे पैसे एका वाडग्याला म्हणून. पण चालेल ना तसं भरवलेलं?"

"खुशाल भरवा. दीडशे वर्षं टिकलाय, तुमच्या बाळाने काय होणार त्याला?"

तिने रोख पैसे दिले. काउंटरवरच्या गिऱ्हाइकाचं नाव आम्ही लिहीत नाही. पावतीवर लिहिलं, "वाडगा, एक". जाताना ती म्हणाली, अजून तीन जिने चढायचेत. मी तिला पिशवीचा तळ दोन्ही हातांनी धरायला सांगितलं, वाडग्याला धक्का लागू नये म्हणून.

त्यानंतरच्या आठवड्यात भुंगा पापू म्हणेनासा झाला. मी दोन दिवस वाट बघितली. त्याला वाडगा दाखवला, तळ दाखवला. तो माझ्याकडे बघत राहिला आणि मग दुसरीकडे बघायला लागला. गुणगुणणं कधी थांबलं ते तर मला सांगताही येत नाही. घरातलं घड्याळ बंद पडतं तसं, नंतर कधीतरी लक्षात येतं. बाकीचे चार-सहा शब्द होते तेही गेले. या वेळी मी कुणाला न विचारता त्याला उचललं आणि मोठ्या हॉस्पिटलात नेलं.

तिथल्या डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत, याचीच मला आधी भीती वाटली. त्यांनी त्याच्या पापण्या खाली ओढून बघितल्या, पोट दाबलं, किती शब्द होते, किती गेले ते लिहून घेतलं आणि रक्त काढलं. तीन दिवसांनी बोलावलं.

"याच्या रक्तात शिसं आहे," त्या म्हणाल्या. "थोडंथोडकं नाही. कुठून येतंय ते शोधायला हवं, नाहीतर औषधाचा उपयोग नाही. भिंतीचा रंग उडतोय का?"

"खिडक्यांचा थोडा उडालाय."

"तो चाटतो?"

"माहीत नाही. माझं लक्ष असतं."

"तुमचं काम काय?"

मी सांगितलं. दुकानातली धूळ कपड्यांवरून घरी येत असेल, असं त्यांनी लिहिलं. खेळणी विचारली, नळ विचारले. मग म्हणाल्या, "घरात नवीन रंगीत भांडी? स्वस्तातली, चकचकीत?"

"नाही," मी म्हणाले. "नवीन काहीच नाही."

मी खोटं बोलले नाही. माझ्या लेखी ते खरं होतं. आमच्या धंद्यात नक्कल वाईट, नवीन संशयास्पद आणि जुनं म्हणजे निर्दोष. डॉक्टरांचा प्रश्न मी मूल्यमापनाच्या टेबलावर ठेवला आणि तिथूनच उत्तर दिलं.

घरी आल्यावर आम्ही घर उलटंपालटं केलं. नवऱ्याने कामावरून रजा घेतली आणि खिडक्या ओल्या फडक्याने पुसून त्यांच्यावर जाड कागद चिकटवला. मी दुकानातून आले की जिन्यातच कपडे बदलायचे. खेळणी फेकली. पाणी तपासायला दिलं. आई दिवसातून तीनदा फरशी पुसायच्या, गुडघे धरून उठायच्या आणि पुन्हा पुसायच्या. काखेत कळसा आणि गावाला वळसा, दुसरं काय. भुंग्याच्या अंगात ताकद यायला हवी, असं आई म्हणाल्या, म्हणून गर दोनाऐवजी तीनदा सुरू झाला. नऊ दिवस. त्या नऊ दिवसांत तो त्याच वाडग्यात जेवला.

दहाव्या दिवशी डिंककाका आले. लेकीकडून परतले आणि भुंगा आजारी आहे असं कळल्यावर पिशवी खाली न ठेवता थेट घरी आले. डोळ्यांना नवीन चष्मा. "तीस वर्षांत पहिल्यांदा माझी बोटं किती घाण आहेत ते मला दिसलं," ते म्हणाले. आई स्वयंपाकघरात भुंग्याला भरवत होत्या. तो खात नव्हता. डिंककाका त्याच्यासमोर उकिडवे बसले, वाडग्यात डोकावले आणि भुंग्याला हसवायला म्हणून म्हणाले, "अरेच्चा, याचं फुलपाखरू कुणी खाल्लं?"

आई हसल्या. मीही हसले असेन. मग मी म्हणाले, "झीज आहे काका ती. तुम्ही गेल्यावर माझ्या लक्षात आलं. आपण चुकलो होतो, ही जोडी जुनी आहे."

ते वळले. "झीज कुठली? मी बघितला तेव्हा झीज नव्हती."

"नीट बघितला नसेल."

"डोळे अधू होते, बाई, हात नव्हते. बोट फिरवलं होतं मी त्यावर. सगळा रंग वर उभा होता."

आणि ते उठले, दुकानात गेले आणि वही घेऊन आले. जोडायला आलेलं प्रत्येक भांडं ते आधी रेखाटून ठेवतात, नंतर कुणी म्हणू नये की हे तुमच्याकडे बिघडलं. पानावर वाडग्याचं तोंड गोल काढलं होतं, चीर लाल पेन्सिलीने. मध्ये फुलपाखरू. चारही पंखांची कड पूर्ण. पिवळे ठिपके मोजून लिहिलेले: आठ. खाली तारीख.

मी वाडगा आईंच्या हातातून घेतला, गर ओतून टाकला, धुतला, खिडकीशी नेला. चार ठिपके. बाकी चार जागी नुसता पांढरा पृष्ठभाग, खरखरीत. ओरखड्यांवर भिंग धरलं. सगळे एकाच बाजूला वळलेले. डाव्या हाताचे. मी तसलाच दुसरा स्टीलचा चमचा घेतला आणि त्याची कड एका ओरखड्यावर ठेवली. ती तिथे बसली.

वापर बनवता येत नाही, बाबा म्हणायचे. तो आम्ही सहा महिन्यांत बनवला होता, दिवसातून दोन वेळा, माझ्या मुलाच्या पोटातून.

"काय झालं?" आईंनी विचारलं. डिंककाकांनी त्यांना सांगितलं, हळू, मोजके शब्द वापरून: आंबट, रंग, शिसं. आई ऐकत राहिल्या. मग त्यांनी हातातला चमचा खाली ठेवला आणि स्वतःच्या डाव्या हाताकडे बघत बसल्या.

"मी खरवडून भरवलं," त्या म्हणाल्या.

"मी तपासून दिला होता, आई."

"मी 'निघालं का, निघालं का' म्हणत होते ग."

मी त्यांच्या शेजारी जमिनीवर बसले. आम्ही दोघी एकमेकींचा वाटा कमी करायचा प्रयत्न करत होतो आणि तो कमी होत नव्हता. भुंगा दोघींच्या मध्ये बसून फरशीवर सांडलेल्या गरात बोट फिरवत होता. आईंनी त्याचा हात उचलला आणि पुसला, तोंड पुसलं, पुन्हा हात पुसला.

डिंककाका दारात उभे होते. "मी तुला सांगितलं होतं, असं मी म्हणणार नाही," ते म्हणाले. "कारण मी वाडग्यासाठी सांगितलं होतं. आंबटाने रंग मरतो, एवढंच माझ्या डोक्यात. पोराचा विचार माझ्याही मनात आला नाही, बाई. तुझ्या सासऱ्याच्याही आला नसता."

त्याच दिवशी मी वाडगा घेऊन हॉस्पिटलात गेले. भुंग्याला दाखल केलं. शिसं बाहेर काढणारं औषध दिलं, पाच दिवस, मग पंधरा दिवस घरी, मग पुन्हा पाच दिवस. दर महिन्याला रक्त. आकडा उतरतो, थोडा वर येतो, पुन्हा उतरतो. हाडांत साठलेलं हळूहळू बाहेर येतं, असं डॉक्टरीणबाई सांगतात. पोटदुखी थांबली. चेहऱ्यावर रंग आला. तो अडीच वर्षांचा झालाय आणि नऊ शब्द बोलतो. त्याच्या वयाची मुलं किती बोलतात ते मला माहीत आहे, मी पूर्वी मोजायचे, आता मोजत नाही. पुढे काय होईल असं मी विचारलं तेव्हा डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "लवकर सापडलं." मी म्हटलं, दहा दिवस आधीही सापडलं असतं. त्या म्हणाल्या, "दहा महिने उशिरा सापडलेली मुलंही मी बघते." दिलासा म्हणून म्हणाल्या असतील. मला मात्र त्या वाक्याने ती भुवईत फट असलेली बाई आठवली.

इतके दिवस ती आठवली नव्हती, हेही मला कबूल केलं पाहिजे.

तिला मी शोधते आहे. पावतीवर नाव नाही. दुकानाच्या काचेवर मोठ्या अक्षरांत सूचना लावली, ती अजून आहे. वर्तमानपत्रात तीनदा छापलं. जवळपासच्या प्रसूतिगृहांत गेले. त्यांनी नावं दिली नाहीत, आणि देऊ नयेतच, पण परिचारिकांनी माझी चिठ्ठी भिंतीला लावून घेतली. डिंककाका सुट्टीच्या दिवशी तीन मजली इमारती बघत फिरतात आणि जिन्यांत पत्रकं टाकतात. बाहेर पडायच्या आधी ते बोटं घासून धुतात, लोकांनी दार उघडावं म्हणून. आई घरी बसून पत्रकं लिहितात, डाव्या हाताने, एकाखाली एक. नवरा खुर्चीचा विनोद आता करत नाही. रात्री तोच भुंग्याच्या नाकाखाली बोट धरतो.

तिचं बाळ आता दहा-अकरा महिन्यांचं असेल. म्हणजे त्याला गर भरवायला सुरुवात होऊन चार-पाच महिने झाले. वाडगा धडधाकट आहे, चीर नाही, त्यामुळे तो टाकून द्यायचं तिला काही कारण नाही. आणि एका जाणकार बाईने तिला सांगितलंय की खुशाल भरवा.

म्हणून हे लिहिलं. वाचणाऱ्यांतलं कुणीतरी तिच्या इमारतीत राहत असेल, तिच्या आईला ओळखत असेल, तिच्या शेजारच्या दारात दूध ठेवत असेल. उजव्या भुवईत फट, तिसरा मजला, मांडीवर लहान मूल. पांढरा वाडगा, आत गुलाबी वेल, तळाशी फुलपाखरू, बुडाला लाल शिक्का. वाडगा किती जुना, कितीचा, ते विचारू नका. त्यावर काय लिहिलंय तेही वाचू नका. आत जा आणि मुलाला बघा. ते फिकं दिसतंय का, पोट धरून रडतं का, मागच्या महिन्यात जे आवाज काढत होतं ते अजून काढतं का, हे त्याच्या आईला विचारा. ती म्हणेल, दात येतायत. तिला म्हणा, येत असतील, तरी उद्या सकाळी रक्त तपासून घे. आणि दार उघडलं नाही तर संध्याकाळी पुन्हा जाऊन बघा.